सहा हसूर, दोन निगवे

कोल्हापूर जिल्ह्यात हसूर नावाची निदान सहा गावं आहेत. करवीर तालुक्यात हसूर दुमाला. कागल तालुक्यात हसूर खुर्द आणि हसूर बुद्रुक. गडहिंग्लजला हसूरचंपू आणि हसूर सासगिरी. शिरोळ तालुक्यात नुसतंच हसूर, पुढं काही नाही आणि मागं काही नाही. सोयरिकीच्या बोलण्यात कुणी "पाहुणे हसूरचे" एवढंच म्हणून थांबला, तर बोलणं तिथंच थांबतं. पुढचा शब्द कळल्याशिवाय ना तालुका कळतो, ना रस्ता.

निगव्याचं तर याहून अवघड. निगवे दुमाला शहराच्या उत्तरेला, वडणगे-भुये या बाजूला. निगवे खालसा दक्षिणेला, चुये-इस्पुर्लीच्या अंगाला. तालुका दोन्हींचा एकच, करवीर. बसस्थानकावर कुणी नवख्यानं "निगव्याची गाडी कुठं लागती?" असं विचारलं, की खिडकीतून उत्तराऐवजी प्रश्नच येतो, "कुठलं निगवं? खालसा का दुमाला?" चुकीच्या गाडीत बसलात तर अख्खं शहर ओलांडून परत यायचं.

विचारणाऱ्याला गाडीचा फलाट ठरवायचा असतो, सांगणाऱ्याला घरी पोचायचं असतं. पण त्या प्रश्नाचा मूळ अर्थ वेगळा आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या तोंडी तो असा आला असता : तुमच्या गावाचा सारा कुणाच्या पेटीत जातो? सरकारच्या, की इनामदाराच्या?

एका नावाची अनेक गावं असणं ही काही आपलीच खोड नव्हे. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड नावाचं गाव कितीतरी राज्यांत सापडतं. मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड 1636 साली वसलं. ते वसवणाऱ्या विल्यम पिंचनचं इंग्लंडातलं गाव स्प्रिंगफील्ड, म्हणून तेच नाव तिथं लागलं. पोर्टलंडची गोष्ट त्याहून मजेदार. 1845 मध्ये ऑरेगनमध्ये नवी वसाहत आखणारे दोघे होते. त्यातला लव्हजॉय बॉस्टनकडचा, पेटिग्रोव्ह मेन राज्यातल्या पोर्टलंडकडचा. गावाला कुणाच्या गावाचं नाव द्यायचं यावर एकमत होईना, तेव्हा त्यांनी नाणं उडवलं. तीनपैकी दोनदा पेटिग्रोव्ह जिंकला आणि पश्चिम किनाऱ्यावर दुसरं पोर्टलंड झालं. एकदा दान उलटं पडतं, तर आज तिथं बॉस्टन असतं. तिथला माणूस गाव सोडताना नावही सामानाबरोबर घेऊन निघाला. मग टपाल चुकू नये म्हणून पुढं राज्याचं नाव जोडायची रीत पडली.

आमच्याकडं गावं फार जुनी आणि जागच्या जागी. नावाच्या पुढं जे लागलं ते टपालासाठी नव्हे, वसुलासाठी. म्हणून कोल्हापूरच्या राज्यकारभाराचा इतिहास वाचायचा, तर किल्ल्यांइतक्याच या जोडशब्दांच्या पायऱ्या उतराव्या लागतात.

सगळ्यात खालची पायरी कन्नड. हसूरमधला 'ऊर' म्हणजे कन्नडात गाव. पंचगंगेचं आणि हिरण्यकेशीचं खोरं कितीतरी शतकं मराठी-कन्नडाच्या सांध्यावर राहिलेलं. अकराव्या-बाराव्या शतकांत इथं शिलाहारांचं राज्य होतं, आणि त्यांचे कितीतरी शिलालेख कन्नडात आहेत. त्या लेखांत राजा 'वळवाड' इथं राहून राज्य करतो, असा उल्लेख येतो. आता हे वळवाड कुठलं? कोल्हापूरजवळ वळिवडे आहे. राधानगरीच्या जागी पूर्वी त्याच धाटणीच्या नावाचं गाव होतं. राधानगरी तालुक्यातच कसबा वाळवे आहे आणि पलीकडं सांगली जिल्ह्यात वाळवा. संशोधकांनी एकाहून अधिक जागांवर बोट ठेवलं. शिलालेख कोरणाऱ्यापुढं ही अडचण नव्हती. त्याच्या लेखी वळवाड एकच होतं. सारखी नावं माणसांनाच चकवतात असं नाही, इतिहासालाही चकवतात.

त्यावरची पायरी फारसीची. पंधराव्या शतकात बहमनी फौजा सह्याद्रीच्या या भागात उतरल्या, आणि 1490 च्या सुमारास विजापूरची आदिलशाही उभी राहिल्यावर हा मुलूख तिच्याकडं गेला. राजा बदलला म्हणून पाटील बदलला नाही, कुलकर्णी बदलला नाही. वहीतले शब्द तेवढे बदलले. गाव वाढलं की त्यातून चार घरं उठून ओढ्यापलीकडं वस्ती करत. हळूहळू तिची शिवार वेगळी, पांढरी वेगळी, आकारणी वेगळी होई. नाव मात्र जुनंच राही. कारकुनापुढं पेच, की एका नावाखाली दोन खाती मांडायची कशी? त्यानं थोरल्याला 'बुजुर्ग' लिहिलं आणि धाकट्याला 'खुर्द'. आपल्या जिभेवर घासून बुजुर्गचं बुद्रुक झालं. कागलचे दोन हसूर किंवा करवीरमधले कोगील बुद्रुक आणि कोगील खुर्द हे असे थोरले-धाकटे भाऊ.

मोडी लिहिणारा कारकून हे शब्दही पुरते लिहीत नसे. पहिलं अक्षर लिहायचं आणि पुढं दोन उभ्या रेघा ओढायच्या : बु॥, खु॥. दौतीतली शाई आणि वेळ वाचवण्याची ती युक्ती. मोडी जाऊन किती वर्षं झाली, पण आजही गावाबाहेरच्या एखाद्या फलकावर, लग्नपत्रिकेच्या पत्त्यात त्या दोन रेघा दिसतात. रंगवणाऱ्याला मोडीचा गंध नसतो. जुन्या फलकावर होत्या म्हणून त्यानं नव्यावर ओढलेल्या असतात.

याच वहीतून कसबा, मौजे, पेठ आणि तर्फ हे शब्द आले. बाजार भरणारं, महालाचे कामगार जिथं बसत ते कसबा. साधं शेतीचं गाव ते मौजे. मुद्दाम वसवलेला बाजार ती पेठ. कसबा बीड म्हणताना 'कसबा' गाळून चालत नाही, नाहीतर ऐकणारा मराठवाड्यात पोचतो. हातकणंगले तालुक्यात पेठ वडगाव वेगळं, मौजे वडगाव वेगळं. तर्फ म्हणजे काही गावांचा मिळून केलेला गट. पन्हाळा तालुक्यात दोन पोर्ले आहेत, पोर्ले तर्फ ठाणे आणि पोर्ले तर्फ बोरगाव. यातलं ठाणे मुंबईच्या वेशीवरचं नव्हे, पन्हाळ्याकडचंच. तो तर्फ कारभारातून केव्हाच पुसला गेला. त्याचा पत्ता आता फक्त पोर्ल्याच्या नावात लागतो.

आणि मग येते खरी पायरी, खालसा आणि दुमाला.

खालसा हा अरबी मुळाचा शब्द. खालिस म्हणजे निर्भेळ. ज्या गावाच्या वसुलात सरकारखेरीज कुणाचा वाटा नाही, ते खालसा. ज्याचा वसूल सरकारनं दुसऱ्याच्या स्वाधीन केला, मग तो सरदार असो, देवस्थान असो, विद्वान ब्राह्मण असो की राजघराण्यातलं कुणी, ते गाव दुमाला. त्या वेळच्या कागदांत 'गाव दुमाला केला' अशी भाषा येते. इनामाची सनद वाचली म्हणजे त्या स्वाधीन करण्याचा आवाका ध्यानात येतो. आजची पट्टी, उद्या बसेल ती पट्टी, शिवारातलं पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, इतकंच काय पण जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर तेही, असं एकेक नाव घेऊन सनदेत मांडलेलं असतं. वाचता वाचता वाटतं, आता सरकारकडं उरलं तरी काय? उरे ते एवढंच, की दिलेलं परत घेण्याचा हक्क. त्यासाठीसुद्धा क्रियापद होतंच : खालसा करणे. 1848 मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचं संस्थान खालसा केलं असं आपण म्हणतो, तेव्हा वसूलखात्यातला हाच शब्द वापरतो.

कोल्हापूरच्या मुलखात दुमाला गावं इतकी का झाली, याचं उत्तर राज्याच्या जन्मकथेत आहे. 1689 मध्ये संभाजीराजे मारले गेले, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि महाराष्ट्रात मोगलांशी झुंज सुरू राहिली. खजिन्यात रोकड नाही आणि सरदार तर हवेत. औरंगजेब वतनं देऊन माणसं फोडत होता. मग मराठ्यांनाही तेच करावं लागलं : मुलूख सोडवून घ्या, तो तुमच्याकडं चालवू. शिवाजी महाराजांनी नेटानं आवरून धरलेलं वतनाचं दार पुन्हा उघडलं. पुढं 1707 मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि एका राज्याला दोन धनी झाले. साताऱ्यात शाहू, पन्हाळ्यावर ताराबाई. सरदार आज इकडं तर उद्या तिकडं. त्याला धरून ठेवायला दोन्ही दरबारांपाशी एकच नाणं होतं, गाव.

या धामधुमीचा साक्षीदार म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत बसलेला आणि जिंजीच्या काळात महाराष्ट्र सांभाळलेला हा माणूस. 1714 मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईंना बाजूला सारून राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. त्यानंतरच्या काळात पंतांनी 'आज्ञापत्र' लिहिलं. त्यात वतनदारांवर एक प्रकरण आहे, आणि ते चांगलंच तिखट आहे. वतनदार हे नावाला वतनदार, खरं तर राज्याचे वाटेकरी भाऊबंदच, त्यांना वाढू देऊ नये. आणि दानाच्या हौसेनं गावं-जमिनी देत सुटलं तर राज्यच उरत नाही, असा त्यांचा बजावणीचा सूर. गंमत अशी, की हे लिहिणाऱ्या पंतांचं घराणं स्वतः मोठं जहागीरदार. गगनबावड्याची जहागीर पिढ्यान्‌पिढ्या पंत अमात्यांकडं राहिली. रोग काय ते त्यांना नेमकं कळलं होतं. औषध मात्र त्यांच्याही घरात नव्हतं.

बावड्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. बावडाही एकटा नाही. घाटमाथ्यावरचा गगनबावडा अमात्यांचा, कोल्हापूरला खेटून असलेला कसबा बावडा वेगळा, आणि इंदापुरात आणखी एक बावडा आहे. कसबा बावड्यातल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात 26 जून 1874 रोजी राजर्षी शाहूंचा जन्म झाला. कोल्हापुरात "बावड्याला चाललोय" म्हटलं तर कुणी गगनगडाची आठवण काढत नाही. जवळच्या बावड्याला विशेषण लागत नाही, लांबच्याला लागतं.

1731 च्या वारणेच्या तहानं दोन गाद्यांची वाटणी झाली. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडं आला. पण तोवर, आणि पुढंही, त्या मुलखाचे मोठमोठे तुकडे जहागिरींत गेलेले होते : विशाळगड प्रतिनिधींकडं, बावडा अमात्यांकडं, इचलकरंजी आणि कापशी दोन वेगवेगळ्या घोरपड्यांकडं, कागल घाटग्यांकडं. त्याशिवाय किरकोळ इनामं किती म्हणून सांगावीत. शेजारशेजारच्या दोन गावांत पाऊस एक, पीक एक, पण साऱ्याचा मालक वेगळा. करवीरमध्ये सडोलीही दोन आहेत, खालसा आणि दुमाला. खालशातल्या कुणब्याच्या दारात मामलेदाराचा शिपाई येई, दुमाल्यातल्याच्या दारात इनामदाराचा कारकून. दुष्काळात सरकारनं साऱ्याला सूट दिली तर ती खालशातल्याला; दुमाल्यातल्यानं धन्याच्या वाड्याची पायरी चढायची.

या वाटणीला हात लावणं किती महागात पडतं, ते 1844 मध्ये दिसलं. कोल्हापूरचे महाराज तेव्हा अल्पवयीन होते, आणि इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारावर बसवलं होतं. त्यांनी हिशेब चोख करायला घेतले. गडकऱ्यांच्या म्हणजे किल्ल्यांच्या शिबंदीच्या जमिनी तोवर गडाकडून चालत. त्यांची व्यवस्था मामलेदारांच्या हाती देण्याचं ठरलं. कागदावर हा निव्वळ कारभारातला बदल होता. पण गडकऱ्यानं त्यात आपल्या भाकरीवर आलेली जप्ती वाचली. सामानगडानं दरवाजे लावून घेतले. भुदरगड उठला, पन्हाळा आणि पावनगड उठले. कर्नल ओव्हन्स हा इंग्रज अधिकारी बंडवाल्यांच्या हाती सापडला आणि त्याला पन्हाळ्यावर कोंडण्यात आलं. डिसेंबरच्या पहिल्या दिवशी इंग्रजी तोफांनी पन्हाळा पाडला. किल्ले पुन्हा उभे राहू नयेत म्हणून त्यांची तटबंदी जागोजाग उद्‌ध्वस्त केली गेली. पन्हाळ्याचा चार दरवाजा आज फक्त पडक्या खुणांपुरता उरलाय, तो त्याच वर्षाचा घाव. इतिहासात याला गडकऱ्यांचं बंड म्हणतात. त्याच्या मुळाशी एकच सवाल होता : या जमिनीचं उत्पन्न कुणाच्या वहीत?

बंडानंतर राज्याचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. मेजर ग्रॅहम या अधिकाऱ्यानं 1854 मध्ये कोल्हापूर राज्याचा जाडजूड अहवाल छापला. पुढं शिवारांची मोजणी झाली, नकाशे झाले, सर्व्हे नंबर पडले. पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यात आणि मोडी रुमालांत असलेली नावं आता नकाशावर पक्की बसली. निगवे दुमाला, निगवे खालसा, सडोली दुमाला, शिरोली दुमाला. नाव नकाशावर चढलं की त्याला हलवणं माणसाच्या हातात राहत नाही.

राजर्षी शाहूंचं राज्य सुरू झालं ते 1894 मध्ये, आणि नावांचीही तऱ्हा पालटली. 1895 मध्ये त्यांनी कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. गुळाचा बाजार तिथं फुलला. 1917 मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर काटकोनी रस्त्यांचं जयसिंगपूर आखलं, त्याला जन्मदात्या वडिलांचं, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचं नाव. भोगावतीवरच्या धरणाच्या गावाला कन्या राधाबाईंचं, म्हणून राधानगरी. ही नावं वहीतून उगवली नव्हती, एका माणसाच्या मनातून आली होती. ऑरेगनच्या पोर्टलंडसारखी, फक्त नाणं न उडवता. तरी नावबंधू त्यांनाही चुकला नाही. साताऱ्यालाही एक शाहूपुरी आहेच. तिथल्या माणसाच्या मनातले शाहू महाराज म्हणजे संभाजीपुत्र थोरले शाहू, आणि कोल्हापूरकराचे शाहू महाराज म्हणजे राजर्षी. दोन्हीकडं नुसतं 'शाहू महाराज' म्हणतात आणि दोन्हीकडं कुणाचा घोटाळा होत नाही.

नवी नावं देणाऱ्या याच राजानं जुन्या वहीलाही हात घातला. 1918 मध्ये कुलकर्णी वतनं मोडून गावोगाव पगारी तलाठी नेमले, आणि त्याच वर्षी महार वतनही बंद केलं. ज्या लेखणीनं खुर्द-बुद्रुक आणि खालसा-दुमाला शेकडो वर्षं लिहिलं, ती वंशपरंपरेच्या हातातून काढून नोकराच्या हातात दिली. लेखणी गेली, अक्षरं राहिली. तलाठ्यानं नवी वही उघडली आणि पहिल्या ओळीत गावाचं नाव घातलं ते जुनंच.

नावं बदलण्याची आणखी एक तऱ्हा कोल्हापूरनं पाहिली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मुलखातून सुटलेले हजारो पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, 1943 पासून वळिवड्याच्या छावणीत राहिले. शाळा, चर्च, दवाखाना असं छोटं पोलिश गावच पंचगंगेकाठी पाच वर्षं नांदलं. ते परतले आणि फाळणीनं घरदार गमावलेले सिंधी त्या बराकींत आले. त्यांच्या वसाहतीला नाव मिळालं गांधीनगर. आज ती कापडाची मोठी बाजारपेठ आहे. गुजरातच्या राजधानीचं काम सुरू झालं ते त्यानंतर, साठच्या दशकात. म्हणजे या जोडीत थोरलं गांधीनगर आमचंच. वहीत कुणी 'बुद्रुक' लिहिलं नाही एवढंच.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पाठोपाठ कायदे आले : 1950 मध्ये परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा, 1952 मध्ये व्यक्तिगत इनामं रद्द करणारा, आणि 1955 मध्ये विलीन झालेल्या संस्थानांतले उरलेसुरले दुमाले मोडणारा. रामचंद्रपंतांना जे हवं होतं आणि जमलं नव्हतं, ते या सनदांच्या मुलखात पाच-सहा वर्षांत उरकलं. सगळीच गावं खालसा झाली. म्हणजे निगवे दुमाला हे आता अर्थानं निगवे खालसाच. पण तसं लिहिलं तर गाडी चुकेल.

म्हणून शब्द राहिला. सातबाऱ्याच्या माथ्यावर राहिला, आधार कार्डावर गेला, शाळेच्या दाखल्यावर आणि ग्रामपंचायतीच्या कमानीवर चढला. ज्या पोराला दुमाला म्हणजे काय ते ठाऊक नाही, तोही "आमचं दुमाल्याचं निगवं" असं अभिमानानं सांगतो. पुण्याकडं शिरूर तालुक्यात पिंपरी दुमाला आहे, तिथलाही तसंच सांगत असेल.

मात्र हे सगळं नुसतं सांगाड्यापुरतं उरलं असं म्हणून मोकळं होता येत नाही. इनामं रद्द करताना कायद्यानं देवस्थानांना वगळलं. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती कोल्हापुरात आहे. अंबाबाई, जोतिबा यांसह तीन हजारांहून अधिक देवस्थानं तिच्या अखत्यारीत येतात आणि त्यांच्या जमिनी गावोगाव पसरलेल्या आहेत. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर 'देवस्थान इनाम वर्ग 3' असा शेरा असतो. ती कसणारा शेतकरी बँकेत कर्जाला गेला, की साहेब त्या शेऱ्यावर बोट ठेवतो. जमीन विकता येत नाही, तारण देता येत नाही. घरात चार पिढ्यांनी नांगर धरला असला तरी मालकीच्या रकान्यात देवाचं नाव.

त्या शेतकऱ्याला बसस्थानकाच्या खिडकीवर कुणी "खालसा का दुमाला?" असं विचारलं, तर तो गाडीपुरतंच उत्तर देईल. पण त्या प्रश्नाचा जुना अर्थ अजून ज्याला लागू आहे, असा त्या रांगेत तोच एकटा असेल.